ग्रीनब्रायरचा रंगोद्धार

अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, ॲलेगेनी पर्वतराजीच्या कुशीत वसलेल्या व्हाइट सल्फर स्प्रिंग्ज या लहानशा गावी गंधकयुक्त पाण्याचा एक झरा आहे, आणि त्या पाण्याने संधिवात बरा होतो या श्रद्धेने १७७८ पासून तेथे माणसांची ये-जा सुरू झाली. प्रथम झऱ्याभोवती लाकडी घरे उठली. मग १८५८ साली एक विस्तीर्ण हॉटेल बांधले गेले आणि त्याच्या शुभ्र रंगावरून लोक त्याला 'ओल्ड व्हाइट' म्हणू लागले. दक्षिणेकडील मळेवाले धनिक कुटुंबकबिल्यासह व गुलामांच्या ताफ्यासह तेथे उन्हाळा काढू लागले. पुढे यादवी युद्ध झाले, गुलामगिरी संपली, आगगाडी आली, आणि १९१० साली चेसापीक अँड ओहायो रेल्वे कंपनीने ती सारी मालमत्ता खरेदी करून १९१३ मध्ये 'ग्रीनब्रायर' नावाचे नवे भव्य हॉटेल उघडले. वास्तू जुनी झाली म्हणजे तिचे सौंदर्य जपण्यासाठी तिला फिक्या, सोज्ज्वळ, कोणाच्याही डोळ्यांवर न येणाऱ्या रंगात गुंडाळून ठेवावे, असा जो समज आपल्याकडे रूढ आहे, त्याला या हॉटेलच्या अंतर्भागाचा इतिहास फार समर्पक उत्तर देतो, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगावासा वाटतो.

डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली, तेव्हा सरकारने जर्मनी, जपान, इटली इत्यादी शत्रुराष्ट्रांच्या वकिलातींतील मंडळींना मायदेशी रवाना करीपर्यंत ग्रीनब्रायरमध्ये नजरकैदेत ठेवले. ती मंडळी गेल्यावर, १९४२ च्या सप्टेंबरात, लष्कराने ३३ लाख डॉलर देऊन इमारत आपल्या ताब्यात घेतली आणि तिचे दोन हजार खाटांचे 'ॲशफर्ड जनरल हॉस्पिटल' बनविले. युद्ध संपून रुग्णालय बंद होईपर्यंत तेथे २४,१४८ सैनिकांवर उपचार झाले. ज्या दालनांत पूर्वी नाच व मेजवान्या चालत, त्यांत आता खाटांच्या रांगा लागल्या. ज्या व्हरांड्यांत सुखवस्तू पाहुणे पहुडत, तेथे कुबड्या घेतलेले तरुण फिरू लागले. हा उपयोग हॉटेलपणापेक्षा अधिक थोर होता यात शंका नाही. परंतु १९४६ मध्ये रेल्वे कंपनीने इमारत परत विकत घेतली, तेव्हा तिच्यापुढे जो प्रश्न उभा राहिला तो भिंती पुसून सुटणारा नव्हता. रुग्णालय झालेल्या घरात पाऊल टाकताच माणसाच्या मनावर जे दडपण येते, ते कसे उतरवावे? पाहुण्याला येथे आजारी माणसे नव्हे, तर आपण स्वतः सुखाने राहावयास आलो आहो, अशी खात्री पहिल्याच क्षणी कशी पटवावी?

कंपनीचे अध्यक्ष रॉबर्ट यंग यांनी या कामी न्यूयॉर्कच्या डोरोथी ड्रेपर या बाईंची नेमणूक केली. ड्रेपरबाईंचा जन्म १८८९ चा, घराणे संपन्न, अंतर्गृहसजावटीचे रीतसर शिक्षण त्यांनी कोठेही घेतलेले नव्हते. आपले व नातलगांचे घर सजविता सजविता लोक त्यांचा सल्ला विचारू लागले आणि १९२० नंतरच्या दशकात, म्हणजे ज्या काळी प्रतिष्ठित घरातील स्त्रीने व्यवसाय करणे हीच नवलाची गोष्ट होती त्या काळी, त्यांनी स्वतःची पेढी काढली. न्यूयॉर्कमधील कार्लाइल व हॅम्पशायर हाउस, कॅलिफोर्नियातील ॲरोहेड स्प्रिंग्ज, ब्राझीलमधील क्विटँडिन्या अशी मोठमोठी हॉटेले त्यांच्या हातून सजून निघाली. १९३९ साली त्यांनी 'डेकोरेटिंग इज फन' हे पुस्तक लिहिले, वृत्तपत्रांतून गृहिणींच्या प्रश्नांना उत्तरे देणारे सदरही चालविले. पैशाची चणचण असलेल्या घरात काय करावे, हे त्यांना विचारणारे पुष्कळ असत, आणि त्यांचे उत्तर बहुधा रंगाच्या डब्यापाशी येऊन थांबे. कारण लाकूडसामान बदलणे खर्चाचे, भिंत पाडणे त्याहून खर्चाचे, पण दार रंगविणे कोणालाही परवडते.

न्यूयॉर्कमधील सटन प्लेस येथील जुन्या चाळवजा इमारतींचे त्यांचे काम या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. तेथील विटांच्या भिंती त्यांनी काळ्या रंगविल्या, खिडक्यांच्या चौकटींना पांढऱ्या कडा दिल्या आणि प्रत्येक घराच्या दाराला वेगळा, उजळ रंग दिला. मूळ बांधकामाला जवळजवळ हात न लावता ओळीने उभी असलेली कळाहीन घरे भाडेकरूंना हवीहवीशी वाटू लागली.

या बाईंची सारी कला विरोधाच्या तत्त्वावर उभी होती. कोणताही रंग एकटा पाहिला तर तो जितका दिसतो तितकाच असतो, पण शेजारी त्याचा विरोधी रंग आला की दोन्ही एकमेकांना उचलून धरतात. हे तत्त्व त्यांच्या शंभर वर्षे आधी फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यांनी शास्त्रीय रीतीने मांडले होते. पॅरिसच्या गोबलाँ या शाही विणकाम-कारखान्यात ते रंगविभागाचे प्रमुख असताना, तेथील काळा रंग निस्तेज उतरतो अशी तक्रार त्यांच्याकडे आली. तपास करता असे आढळले की रंगात काहीच खोट नाही, त्या काळ्या धाग्याशेजारी जे निळे-जांभळे धागे येत होते त्यांच्यामुळे तो डोळ्यांना निस्तेज भासत होता. या शोधावरचा त्यांचा ग्रंथ १८३९ साली प्रसिद्ध झाला. मराठी वाचकाला हे तत्त्व ग्रंथ न वाचताही ठाऊक आहे: मोरपिशी पैठणीला डाळिंबी काठ लागला म्हणजे मोरपिशी अधिक मोरपिशी आणि डाळिंबी अधिक डाळिंबी दिसतो, आणि तोच काठ फिक्या निळ्याचा असता तर सारे लुगडे मलूल दिसले असते, हे विणकरांना व नेसणारणींना पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. ड्रेपरबाईंनी मंद पांढऱ्याशेजारी चकाकता काळा, वांगी रंगाशेजारी गुलाबी आणि पोपटीशेजारी मोरपिशी ठेवला तेव्हा त्या याच जाणिवेने वागत होत्या.

दुसरे तत्त्व आकारमानाचे. ग्रीनब्रायरची दालने प्रशस्त, छत उंच आणि एका दालनातून दुसरे, दुसऱ्यातून तिसरे दिसेल अशी मांडणी. अशा ठिकाणी बारीक नक्षीचा कागद किंवा बोटभर रुंदीचे पट्टे लावले तर दहा पावलांवरून ते एकमेकांत मिसळून राखी धूसर रंग तेवढा उरतो. म्हणून त्यांनी हातभर रुंदीचे पट्टे, थाळीएवढी फुले, ठळक पांढऱ्या गिलाव्याच्या वेलबुट्ट्या आणि काळ्या-पांढऱ्या चौकड्यांची फरशी योजिली. ही चौकड्यांची फरशी मला त्या साऱ्या योजनेचा पाया वाटते. वरती कोणत्याही दालनात कोणताही रंग आला तरी पायाखाली तीच काळी-पांढरी लय चालू राहते, त्यामुळे गुलाबी दालनातून हिरव्यात आणि हिरव्यातून पिवळ्यात जाताना पाहुणा गोंधळत नाही. आणि समोरच्या कमानीतून पुढच्या दालनाचा वेगळा रंग दिसत असल्यामुळे त्याचे पाऊल आपोआप पुढे पडते.

गर्द रंगांविषयीचे त्यांचे धारिष्ट तर आजही पुष्कळांना झेपणार नाही. खोली लहान असली तर तिला फिका रंग द्यावा, हा सर्वमान्य उपदेश. ग्रीनब्रायरमधील 'व्हिक्टोरियन रायटिंग रूम' या पत्रलेखनाच्या दालनाला त्यांनी गर्द हिरव्या भिंती दिल्या. फिक्या भिंतीवर खोलीचा प्रत्येक कोपरा, प्रत्येक सांधा उघड दिसतो आणि त्यामुळे तिची मर्यादाही दिसते; गर्द भिंतीवर कोपरे विरघळतात, भिंत नक्की कोठे आहे हे डोळ्याला चटकन उमगत नाही, आणि पांढऱ्या कडा, आरसे, दिव्यांचे गोल व चित्रांच्या सोनेरी चौकटी त्या गडदपणातून पुढे येतात. अर्थात ही किमया दिव्यावर अवलंबून आहे. त्या काळच्या तारेच्या दिव्याचा प्रकाश पिवळसर, उबदार असे. त्या प्रकाशात गर्द हिरवा रंग मखमलीसारखा दिसे. तीच भिंत आजच्या निळसर पांढऱ्या दिव्याखाली ठेवली तर ती थंड व उदास दिसू शकते, आणि दोष मात्र रंगाच्या माथी बसतो.

एवढ्या साऱ्या रंगांना बांधून ठेवणारे सूत्र त्यांनी आसपासच्या डोंगरांवरून घेतले. ऱ्होडोडेंड्रॉन हे वेस्ट व्हर्जिनियाचे राज्यपुष्प. ॲलेगेनीच्या रानात ते झुडपाझुडपांवर फुलते. ते फूल व त्याची काळपट हिरवी पाने त्यांनी कापडावर आणि कागदावर मोठ्या आकारात उतरविली, आणि त्या एका फुलातून हॉटेलभर गुलाबी व हिरवा हे दोन रंग वाहते केले. बाहेरून इमारत पांढरी ती पांढरीच राहिली, कारण 'ओल्ड व्हाइट'पासूनचा तो वारसा होता. जेथे जुन्याचा मान राखावयाचा तेथे त्यांनी तो निःसंशय राखला, आणि जेथे आठवण पुसावयाची तेथे हात आखडता घेतला नाही. हॉटेलच्या हिशेबानुसार या कामी सुमारे ४५,००० वार कापड, ४०,००० गॅलन रंग, वॉलपेपरच्या १५,००० गुंडाळ्या आणि ३० मैल लांबीचे गालिचे लागले. भोजनाचे यादीपत्रक, काडेपेटीचे वेष्टन, नोकरवर्गाचे पोशाख हेसुद्धा त्यांच्याच नजरेखालून गेले.

त्या फुलाफुलांच्या कापडाविषयी, म्हणजे छिटाविषयी, दोन शब्द सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण त्या कापडाचे मूळ आपल्याकडचे आहे. मंजिष्ठवर्गीय मुळांचा लाल, निळीचा निळा आणि तुरटीसारख्या रंगबंधकांचे ज्ञान यांच्या जोरावर मच्छलीपट्टणच्या किनाऱ्यावरील आणि गुजरातेतील कारागीर सुती कापडावर असे रंग चढवीत की ते धुतल्याने जात नसत. सतराव्या शतकात ही छिटे युरोपात पोचली तेव्हा तेथील लोक त्यांच्या इतके नादी लागले की देशी विणकरांच्या संरक्षणार्थ फ्रान्सने १६८६ साली आणि इंग्लंडने १७०० व १७२१ च्या कायद्यांनी त्यांच्यावर बंदी घातली. बंदी काही टिकली नाही. युरोपीयांनी पुढे ते तंत्र स्वतः आत्मसात केले, आणि इंग्रजी घरातील खुर्च्यापडद्यांचे ते जणू कुलवस्त्र होऊन बसले. अमेरिकेतील एका डोंगरी हॉटेलात ते फूल पाहणाऱ्या भारतीय प्रवाशाने त्यामागील आपल्या रंगाऱ्यांचे स्मरण अवश्य करावे.

१९४८ च्या एप्रिलात मोठ्या समारंभाने ग्रीनब्रायर पुन्हा उघडले. विंडसरचे ड्यूक व डचेस, गायक-नट बिंग क्रॉस्बी अशी मंडळी त्या वेळी हजर होती. परंतु उद्घाटनाच्या थाटापेक्षा त्यानंतरची सात-आठ दशके मला अधिक महत्त्वाची वाटतात. हॉटेलाच्या धंद्यात मालक बदलला, व्यवस्थापक बदलला, की पहिला बळी भिंतींच्या रंगाचा पडतो. ग्रीनब्रायरमध्ये तसे झाले नाही. ड्रेपरबाईंच्या पेढीत १९६० नंतर दाखल झालेले कार्लटन व्हार्नी पुढे त्या पेढीचे प्रमुख झाले आणि २०२२ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्यांनी या हॉटेलच्या रंगांची निगा राखली. कापड फाटते, गालिचा झिजतो, रंग उडतो. ते सारे वेळोवेळी बदलावेच लागते, आणि बदलताना तपशीलही थोडाफार पालटतो. परंतु काळी-पांढरी फरशी, ठळक पट्टे, फूल आणि विरोधी रंगांची जोडी ही मूळ प्रतिज्ञा त्यांनी ढळू दिली नाही. या वास्तूच्या एका भागाखाली १९५८ ते १९६१ च्या सुमारास अमेरिकन काँग्रेसच्या सभासदांसाठी अणुयुद्धकालीन गुप्त तळघर बांधले गेले आणि १९९२ साली वृत्तपत्राने ते उघडकीस आणीपर्यंत गुप्तच राहिले. त्याच्या एका पोलादी दारापुढे नक्षीदार वॉलपेपरचा पडदा उभा असे, आणि भोवतालच्या त्या रंगीबेरंगी सजावटीत तो कोणाला वेगळा वाटला नाही.

ड्रेपरबाईंच्या रंगांना भडक म्हणणारे तेव्हाही होते. तो काळ पोलाद, काच व कोऱ्या भिंती यांचा पुरस्कार करणाऱ्या नव्या वास्तुविचाराचा होता, आणि त्या विचाराच्या माणसांना ही फुले, हे पट्टे, ही गिलाव्याची नक्षी म्हणजे दिखाऊपणा वाटे. त्यांच्या म्हणण्यात काही तथ्य आहे, हे मान्य केले पाहिजे: राहत्या घरात रोज सकाळी उठून थाळीएवढ्या फुलांकडे पाहणे सर्वांना मानवणार नाही. पण हॉटेल हे राहते घर नव्हे. तेथे माणूस चार दिवस येतो, आपल्या नित्याच्या आयुष्याहून काही वेगळे अनुभवावे म्हणून येतो. त्याला घरच्यासारखीच बदामी भिंत दाखविणे म्हणजे त्याने मोजलेल्या पैशाचा अनादर आहे. शिवाय त्या बाईंचा भडकपणा मनमानी नव्हता. इमारतीची उंची, दालनांची रांग, डोंगरातले फूल आणि पुसावयाची आठवण या चार गोष्टींना ते रंग बांधलेले होते. म्हणूनच ते टिकले.

आपल्याकडे महाबळेश्वर, पाचगणी, माथेरान येथे जुनी हॉटेले व विश्रामगृहे आहेत, तशीच ती गोव्यातही आहेत. त्यांपैकी पुष्कळांच्या भिंती चुन्याच्या गिलाव्याच्या, छत उतरते, पुढे खोल व्हरांडा. त्यांना ग्रीनब्रायरची नक्कल शोभणार नाही, पण ग्रीनब्रायरची रीत निश्चित उपयोगी पडेल. पहिली गोष्ट प्रकाशाची. माथेरानच्या गर्द झाडीतून आणि खोल व्हरांड्यातून खोलीत पोचणारा उजेड हिरवट असतो. त्या उजेडात फिका पिवळा रंग आजारी दिसतो, तर अबोली, गेरूचा किंवा विटकरीकडे झुकणारा उबदार रंग खोलीला जीव आणतो. तेथील तांबडी माती पावलोपावली आत येते, तेव्हा भिंतीचा खालचा पट्टा गेरूसारख्या गडद रंगाचा ठेवण्यात शहाणपण आहे. आपल्या जुन्या घरांत तसा पट्टा असे तो उगाच नव्हे. पणजीच्या फोंतेन्यास भागात पिवळ्या, निळ्या, तांबड्या भिंतींना पांढऱ्या कडा असतात. शुद्ध पांढरा रंग चर्चसाठी राखून ठेवावा आणि घरे पावसाळ्यानंतर रंगवावीत, असा पोर्तुगीज अमदानीतील दंडक तेथे सांगितला जातो. त्या गल्ल्यांतून फिरले म्हणजे विरोधी रंगाची पांढरी कड साध्या भिंतीला किती उठाव देते, ते परदेशी न जाता समजते.

दुसरी गोष्ट भिंतीच्या श्वासाची, आणि तिच्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. चुन्याची जुनी भिंत पावसाळ्यात ओल शोषते आणि नंतर ती हळूहळू बाहेर टाकते. तिच्यावर आजचा प्लास्टिकसारखा पातळ पडदा धरणारा रंग दिला तर ओल आत कोंडते, फुगे येतात, रंगाबरोबर गिलावाही सुटून पडतो, आणि मालक रंगाऱ्याला, रंगारी कंपनीला व कंपनी पावसाला दोष देत बसते. अशा भिंतीला चुन्याचाच रंग द्यावा. मात्र चुना दाहक असल्यामुळे त्यात प्रत्येक रंग टिकत नाही: पिवडी, गेरू, तांबड्या-काळ्या लोहमातीचे रंग आणि कपड्यांना देतात ती अल्ट्रामरीन नीळ टिकते, पण प्रशियन निळ्यासारखा सुंदर रंग चुन्यात काही काळातच विटून जातो. या मर्यादेची खंत करण्याचे कारण नाही. एवढ्या रंगांतूनही अबोली, केतकी, आकाशी, विटकरी, राखी अशी कितीतरी कुटुंबे निघतात, आणि ती सारी एकाच मातीची असल्यामुळे एकमेकांशी सहसा भांडत नाहीत.

तिसरी गोष्ट, भिंतीला विचारण्याची. शंभर वर्षांच्या भिंतीवर रंगाचे आठ-दहा थर असणे सहज शक्य आहे. कपाटामागच्या किंवा दाराच्या चौकटीलगतच्या कोपऱ्यात, दोन बोटे रुंदीची जागा धारदार पात्याने थराथराने हलकेच खरवडली तर प्रत्येक पिढीची निवड एकाखाली एक उघडी होते, आणि पुष्कळदा असे आढळते की आज ज्या दालनाला सायीचा रंग आहे ते मुळात शेवाळी किंवा गडद निळे होते. तो मूळ रंग परत द्यावाच असा आग्रह नाही. पण त्या घराने एके काळी काय पेलले होते ते कळले म्हणजे नवा रंग निवडताना हात थरथरत नाही. खरवडताना नाका-तोंडावर बारीक धूळ अडविणारा मास्क अवश्य लावावा, लहान मुलांना दूर ठेवावे आणि धूळ ओल्या फडक्याने पुसून काढावी, कारण जुन्या तेलरंगांत शिशाचा अंश असण्याचा संभव असतो.

जुन्या हॉटेलांच्या मालकांना माझी विनंती एवढीच आहे, की रंगाचा मक्ता देण्यापूर्वी रंगकंपनीच्या नमुनापत्रकावरचा बोटभर नमुना पाहून निर्णय करू नये. निवडलेले दोन विरोधी रंग एका खोलीच्या एका भिंतीवर चार-चार हात लांबीरुंदीचे लावून ठेवावे, ते सकाळी, तिसऱ्या प्रहरी आणि रात्री दिव्याच्या उजेडात पाहावे, एक पावसाळा त्यांच्यावरून जाऊ द्यावा, आणि मगच साऱ्या इमारतीला हात लावावा.